‘बाई कशी आहे?’ : राजकारणातील स्त्रियांना जोखण्याचे आपले माप

गोदाकाठ
नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडला राहते आणि सिन्नर तालुक्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेत शिकवते. हा धागा काढण्याचे कारण १५ ऑगस्टची तिथली ग्रामसभा आहे. शाळेच्या नळजोडणीचा विषय असल्यामुळे आम्हा शिक्षकांना थांबायला सांगितले होते. सरपंचबाईंनी नळपाणी योजनेचा जमाखर्च वाचून दाखवला. वीजबिलाची थकबाकी किती होती, त्यातली किती भरली, पाणीपट्टीची वसुली कोणत्या गल्लीत झाली आणि कोणत्या गल्लीत राहिली, हे सगळे त्या कागदावर बोट ठेवून ओळीने सांगत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी "काही प्रश्न असतील तर विचारा" असे दोनदा म्हटले. कोणी काही विचारले नाही आणि सभा संपली.

चहाच्या वेळी माझ्या शेजारी गावातील दोन ज्येष्ठ गृहस्थ उभे होते. पहिले म्हणाले, "बाई चांगली आहे, पण जरा फटकळ आहे." त्यावर दुसरे म्हणाले, "सासूशी पटत नाही म्हणतात." मग समोरून आधीचे सरपंच गेले, तेव्हा त्याच गृहस्थांनी मला ओळख करून दिली, "मॅडम, हे आमचे माजी सरपंच. टाकी यांच्याच काळातली." त्या टाकीत वीजबिलाअभावी आठवडा आठवडा पाणी चढत नव्हते आणि आता ते एक दिवसाआड नळाला येते, हे आमच्या शाळेतील प्रत्येक मुलीला ठाऊक आहे, कारण त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरला आहे. तरीही एकाच्या नावापुढे टाकी आली आणि दुसरीच्या नावापुढे सासू. ते दोघे गृहस्थ मुळीच वाईट नाहीत. शाळेला दरवर्षी वह्या देणारे लोक आहेत ते, आणि म्हणूनच ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

नाशिककरांना हा विषय परका नाही. शहरातील तीन आणि शहराला लागून असलेला देवळाली, अशा चार विधानसभा मतदारसंघांपैकी तीन ठिकाणी स्त्री आमदार आहेत. मध्य आणि पश्चिम नाशिकमधून देवयानी फरांदे आणि सीमा हिरे २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग तीन वेळा निवडून आल्या, तर देवळालीतून सरोज अहिरे २०१९ आणि २०२४ मध्ये. म्हणजे मत द्यायला आपण कचरत नाही. प्रश्न आहे तो मत दिल्यावर त्यांच्याविषयी बोलताना आपण कोणते माप हातात घेतो, हा. आपल्या गावात, प्रभागात, घरात तुम्ही काय ऐकले, नेमके कोणते शब्द ऐकले, ते कृपया लिहावे.

धागा संचालक
विषय महत्त्वाचा आहे. एकच विनंती करतो. कोणत्या पक्षाच्या कोणत्या नेत्याने काय वक्तव्य केले, याची यादी येथे देऊ नये. अशी वक्तव्ये सर्वच बाजूंनी झालेली आहेत आणि त्या यादीत चर्चा वाहून जाते.

सिन्नरकर
ताई, आपला अनुभव मी नाकारत नाही, पण दुसरी बाजू मांडतो. ग्रामीण भागात ज्याने राजकारण जवळून पाहिले आहे, त्याला हे ठाऊक आहे की आरक्षणाची सोडत निघाली की दुसऱ्या दिवशी पुढारी घरातील बाईचा जातीचा दाखला शोधू लागतो. निवडून येते ती, आणि कारभार पाहतो तो. ‘सरपंचपती’ हा शब्द लोकांनी उगाच काढलेला नाही. केंद्रीय पंचायतराज मंत्रालयालाही २०२३ मध्ये या प्रकाराचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमावी लागली. असे असताना लोक स्त्री प्रतिनिधीकडे थोड्या शंकेने पाहत असतील, तर त्याला पूर्वग्रह म्हणावे की अनुभव? माझे म्हणणे एवढेच आहे की काम पाहून मत बनवावे, स्त्री की पुरुष हे मध्ये आणूच नये.

निवृत्त ग्रामसेवक
सिन्नरकर यांनी जे लिहिले आहे ते मी एकतीस वर्षे रोज पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सरपंचपती हा प्रकार खरा आहे. पतीने कार्यालयात खुर्ची टाकून बसू नये असा शासनाचा आदेश असूनही तो बसतो आणि कर्मचारी त्याला चहा देतात. मीही दिलेला आहे, ती माझी चूक होती. पण आपण त्याच्या पुढचा प्रश्न विचारत नाही. पुरुष सरपंच पहिल्या वर्षी कारभार कोणाच्या जोरावर चालवतो? नवा सरपंच निवडून आला की वित्त आयोगाचा निधी कोणत्या कामांवर खर्च करता येतो, आराखड्यात नसलेले काम घेता येते की नाही, मासिक सभेचा अजेंडा किती दिवस आधी काढायचा, यातले काहीही त्याला ठाऊक नसते. ते सगळे मीच सांगत असे. कित्येक ठिकाणी त्याचा चुलता किंवा गावातला मोठा बागायतदार सांगे आणि हा मान डोलावी. त्याला कधी कोणी ‘चुलत्याचा सरपंच’ म्हटल्याचे मी ऐकले नाही. त्याच्या अज्ञानाला ‘नवीन आहे, शिकेल’ असे म्हणत आणि बाईच्या अज्ञानाला ‘बाई आहे, तिला काय कळणार’ असे म्हणत. अज्ञान तेवढेच असे आणि ते दूर व्हायला दोघांनाही साधारण तेवढाच काळ लागे.

एक प्रसंग सांगतो. निफाड तालुक्यात मी होतो तेव्हाची गोष्ट आहे. सरपंचपद महिलेसाठी राखीव होते आणि निवडून आलेल्या बाई जेमतेम सातवी शिकलेल्या होत्या. पहिल्या मासिक सभेनंतर त्यांच्या पतीने प्रोसिडिंग बुक माझ्या हातातून घेतले, पान उलटले, सहीच्या जागेवर बोट ठेवले आणि पेन त्यांच्यापुढे धरला. बाईंनी पेन घेतला, पण टोपण काढले नाही. मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, वर काय लिहिलंय ते आधी वाचा." मी वाचले. सात ठराव होते. चौथ्या ठरावात मुरूम टाकण्याच्या कामाची रक्कम सभेत बोलली गेली होती त्यापेक्षा जास्त लिहिली गेली होती. ती मी दुरुस्त केली, त्यावर माझी आणि त्यांची सही झाली आणि मगच त्यांनी खाली सही केली.

त्या दिवसापासून गावात त्यांच्याविषयी जे बोलले जाऊ लागले ते असे : "नवऱ्याच्या डोक्यावर बसली", "पद मिळालं नि रंग बदलला", "लई शहाणी झाली". त्यांच्या आधीचे सरपंच पाच वर्षे न वाचता सह्या करत आणि त्यांच्याविषयी गाव म्हणे, "दिलदार माणूस, कागदात अडकणारा नाही." सिन्नरकर, तुम्ही म्हणता की काम पाहावे. काम तर समोर वहीत लिहिलेले होते. पण ती वही उघडून पाहायला गावातले कोणी आले नाही.

राखीव पदावरील महिला सरपंचाविरुद्ध अविश्वास ठराव संमत होण्यासाठी आपल्या कायद्याने तीन चतुर्थांश बहुमताची अट घातली आहे. बाई ऐकेनाशी झाली की तिला खाली खेचण्याची घाई गावाला किती होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या अटीची गरज समजावून सांगावी लागत नाही.

द्राक्षबाग
प्रोसिडिंगचा प्रसंग वाचून माझी आई आठवली. ती सदस्य होती आणि सभेला जाताना चष्मा विसरली तर अर्ध्या वाटेतून परत येत असे.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी
‘पूर्वग्रह की अनुभव’ हा सिन्नरकर काकांचा प्रश्न मला योग्य वाटतो, कारण तो तपासून पाहता येतो आणि आपल्याच देशात तो तपासलेला आहे.

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एक तृतीयांश सरपंचपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. (महाराष्ट्राने हे प्रमाण २०११ मध्ये निम्म्यावर नेले.) कोणते गाव राखीव होणार हे गावाच्या इच्छेवर अवलंबून नसल्यामुळे राखीव आणि बिगर-राखीव गावांची तुलना करणे संशोधकांना शक्य झाले. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले) यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमध्ये असा अभ्यास केला. तिथल्या स्त्रिया ज्या कामांची मागणी करत होत्या, त्या कामांवर स्त्री सरपंचांनी अधिक खर्च केल्याचे त्यात आढळले, आणि त्या मागण्यांमध्ये पिण्याचे पाणी हे ठळक होते.

याच्याही पुढचा निष्कर्ष या धाग्याशी थेट जुळतो. डुफ्लो आणि पेटिया टोपालोव्हा यांनी अनेक राज्यांतील गावांची पाहणी तपासली. स्त्री सरपंच असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्याच्या सोयी संख्येने जास्त होत्या, त्यांची स्थिती इतर गावांपेक्षा कमी नव्हती आणि लोकांना लाचही कमी द्यावी लागत होती. असे असूनही त्या गावांतील लोक, आणि त्यात स्त्रियाही आल्या, आपल्या सोयींविषयी कमी समाधानी होते. गोदाकाठ ताईंनी टाकी आणि सासूचे जे सांगितले, ते तिथे आकड्यांत दिसले आहे.

आणखी एक प्रयोग पश्चिम बंगालमधील गावांत झाला. एकच भाषण एकदा पुरुषाच्या आणि एकदा स्त्रीच्या आवाजात ध्वनिमुद्रित केले. शब्द तेच, क्रमही तोच. एका ग्रामस्थाला एकच आवाज ऐकवायचा आणि हा नेता किती सक्षम वाटतो ते विचारायचे. जिथे स्त्री सरपंच कधीच झाली नव्हती तिथे पुरुष श्रोत्यांनी स्त्रीच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे आरक्षणामुळे स्त्री सरपंच होऊन गेली होती तिथे हा फरक जवळजवळ उरला नव्हता. म्हणजे अनुभवाने शंका वाढली नाही, उलट ती कमी झाली. मात्र ‘नेता म्हणून तुम्हाला कोण आवडेल?’ या प्रश्नाचे पुरुषांचे उत्तर तिथेही फारसे बदलले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. बाई काम करू शकते हे मान्य होते, पण तिने ते करावे हे मनाला अजून रुचत नाही.

सिन्नरकर
ध्वनिमुद्रणाचा प्रयोग मला माहीत नव्हता. शब्द तेच असताना गुण कमी मिळत असतील, तर ‘मी फक्त काम पाहतो’ हे माझे वाक्य मला जरा सांभाळून वापरायला हवे. एक शंका मात्र राहते. कौतुकही तितकेच होते ना? इंदिरा गांधींना या देशाने दुर्गा म्हटले. अहिल्यादेवींना तर आपण पुण्यश्लोक म्हणतो.

आनंदवलीकर
कौतुकाकडे येण्याआधी मी आमच्या गावाविषयी लिहितो, कारण आता शहरात मिसळून गेलेल्या या गावाच्या नावातच या चर्चेचा एक धागा आहे.

आनंदवल्ली हे नाव राघोबादादा पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावरून पडले. राघोबांचा वाडा येथे गोदाकाठी होता. आज मराठी माणसाला आनंदीबाईंविषयी एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे ‘ध चा मा’. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता आणि आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, अशी कथा आहे. ते अक्षर त्यांनीच बदलले हे ठामपणे सिद्ध झालेले नाही. पण क्षणभर ती कथा आहे तशी धरली, तरीसुद्धा पुतण्याला धरण्याचा हुकूम कोणाचा होता? गादी कोणाला हवी होती? खुनानंतर पेशवाईची वस्त्रे कोणी घेतली? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर राघोबादादा असे आहे. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवले तेही त्यांनाच. असे असताना अडीचशे वर्षे भाषेत वाक्प्रचार होऊन राहिला तो बाईच्या नावाचा. राघोबांच्या वाट्याला ‘अटकेपार झेंडा’ आला.

मी लहान असताना ‘कुठे राहतोस’ याचे उत्तर दिले की मोठी माणसे हसून म्हणत, "म्हणजे ध चा मा करणाऱ्या बाईच्या गावचा." मीही वर्षानुवर्षे हसलो. आता माझी मुलगी महाविद्यालयात निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा तिच्याविषयी ‘कान भरते’, ‘आतल्या गाठीची आहे’ असे बोलले गेले आणि मला ते हसू आठवले. सत्तेजवळची बाई म्हणजे कारस्थान, हे आम्ही आमच्या पत्त्यासह पाठ केले आहे.

निवृत्त ग्रामसेवक
सिन्नरकर यांनी अहिल्यादेवींचे नाव घेतले आहे, त्यावर चांदवडच्या निमित्ताने लिहितो. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. सहलीला आलेल्या मुलांना अहिल्यादेवी कोण असे विचारले की उत्तर येते : घाट बांधले, मंदिरे बांधली, दानधर्म केला. चित्रातही पांढरे लुगडे आणि हातात शिवलिंग. ते सर्व खरेच आहे आणि माझीही त्यांच्यावर श्रद्धा आहे. पण १७६७ ते १७९५ इतका दीर्घ काळ एक संस्थान राखायचे म्हणजे महसूल वेळेवर आला पाहिजे, फौजेचा पगार भागला पाहिजे, वसुली करणाऱ्या कमाविसदारावर नजर पाहिजे आणि पुण्याच्या दरबाराशी पत्रव्यवहार पाहिजे. हे सगळे त्यांनी केले, पण ते आपण सांगत नाही. बाई मोठी ठरली तर ती साध्वी म्हणूनच मोठी ठरली पाहिजे, असा आपला आग्रह दिसतो. राज्यकर्ती म्हणून तिचे कौतुक करायला आपल्याकडे शब्दच तयार नाहीत.

याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले होते. लाखाहून अधिक बायका आल्या होत्या. नोकरीत नवा होतो, बंदोबस्ताच्या कामात आमच्या नेमणुका होत्या. पंचायती स्त्रियांनी आपल्या हातात घ्याव्यात असा विचार तिथे मांडला गेला, घटनादुरुस्तीच्या सात वर्षे आधी. त्यानंतर जळगाव जिल्ह्यातील विटनेरला १९८९ मध्ये सगळ्याच्या सगळ्या स्त्रिया पंचायतीवर निवडून गेल्या. आरक्षणाने बायकांना बळेच राजकारणात आणले असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा मला चांदवडच्या रस्त्यावरून भाकरीचे गाठोडे घेऊन चालत आलेल्या त्या बायका दिसतात. त्यांना कोणी सोडत काढून आणले नव्हते.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी
इंदिरा गांधींच्या बाबतीत तर क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९६६ मध्ये त्या पंतप्रधान झाल्यावर राममनोहर लोहियांनी त्यांना ‘गूंगी गुडिया’ म्हटले. पुढे त्या बोलू लागल्या आणि ठाम निर्णय घेऊ लागल्या, तेव्हा ‘मंत्रिमंडळातील एकमेव पुरुष’ असे त्यांचे कौतुक झाले. म्हणजे दुबळ्या वाटल्या तेव्हा बाहुली आणि समर्थ ठरल्या तेव्हा पुरुष किंवा देवी. समर्थ बाई अशी जागाच या दोन्हींच्या मध्ये ठेवलेली नाही.

माजी नगरसेविका
मी हा धागा तीन दिवस नुसता वाचत होते. मी जिल्ह्यातील एका नगरपरिषदेत पाच वर्षे होते. कोणती ते लिहीत नाही, कारण ती माणसे अजून तिथे आहेत आणि मलाही तिथेच राहायचे आहे.

प्रचाराच्या फ्लेक्सवर माझ्या फोटोपेक्षा माझ्या पतींचा फोटो मोठा होता. मी विचारले, तर उत्तर मिळाले की लोक त्यांना ओळखतात. ते खोटे नव्हते. पण निवडून आल्यावर दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, प्रभागातील प्रत्येक गटार आणि प्रत्येक पथदिवा मला तोंडपाठ झाल्यावरही माझी ओळख करून देताना ‘अमुक रावांच्या सौभाग्यवती’ असेच म्हटले जाई. विषय समित्या ठरत होत्या तेव्हा मी बांधकाम समिती मागितली. कोणी नाही म्हटले नाही. यादी आली तेव्हा माझे नाव महिला व बालकल्याण समितीत होते. ती समिती कमी महत्त्वाची आहे असे मी म्हणत नाही, अंगणवाड्यांची कामे मी मनापासून केली. पण तिथे मला माझ्या आवडीमुळे किंवा अभ्यासामुळे बसवलेले नव्हते.

एक सर्वसाधारण सभा मी विसरू शकत नाही. आमच्या प्रभागातील डांबरीकरणाचे बिल मंजुरीला आले होते. रस्ता मी रोज तुडवत होते आणि खडी चार महिन्यांत वर आली होती. मी मोजमाप पुस्तिका मागितली. अभियंत्यांनी ‘नंतर दाखवतो’ म्हटले. मी म्हटले, नंतर नको, बिल आज मंजूर होते आहे तर पुस्तिका आजच हवी, आणि थराची जाडी किती लिहिली आहे ते वाचून दाखवा. माझा आवाज चढला असेल, नाही म्हणत नाही. तेव्हा समोरच्या बाकावरून एक ज्येष्ठ सदस्य अगदी मायेने म्हणाले, "ताई, आज घरी काही झालंय का?" सभागृह हसले. विषय पुढे गेला आणि बिल मंजूर झाले. त्याच सभेत अर्ध्या तासाने एका सदस्याने पाण्याच्या प्रश्नावर माईक आपटला. दुसऱ्या दिवशी स्थानिक बातमीत त्यांची ‘आक्रमक भूमिका’ छापून आली.

मी त्या रात्री घरी येऊन रडले आणि पुढच्या सभेला आवाज खाली ठेवून बोलले. तर म्हणाले, "ताई मवाळ आहेत, यांच्याकडून काम होणार नाही." कोणत्या पट्टीत बोलले म्हणजे लोक रस्त्याच्या जाडीकडे लक्ष देतील, हे मला पाच वर्षांत सापडले नाही. दुसऱ्यांदा मी उभी राहिले नाही. लोक म्हणतात, बाईला झेपले नाही.

गोदाकाठ
ताई, तुमचे लिखाण मी दोनदा वाचले. लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ती मोजमाप पुस्तिका तुम्हाला नंतर पाहायला मिळाली का?

माजी नगरसेविका
मिळाली, माहिती अधिकारात, सात महिन्यांनी. जाडी कागदावर बरोबर होती. रस्त्यावर नव्हती.

द्राक्षबाग
आईपणाचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून लिहितो. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या. साऱ्या महाराष्ट्राने तो फोटो पाहिला. पुढे मुंबईच्या अधिवेशनात हिरकणी कक्षाची अवस्था पाहून त्यांनी जाहीरपणे नाराजी सांगितली, तेव्हा आमच्या ओळखीच्या लोकांतच दोन तट पडले. एक म्हणे, एवढ्या लहान लेकराला घेऊन कशाला जायचे? दुसरा म्हणे, किती थोर माता. त्या अधिवेशनात त्यांनी मतदारसंघाचा कोणता प्रश्न मांडला, हे दोघांनाही सांगता आले नाही, आणि मलाही नाही. तान्ह्या बाळाचे बाप असलेले आमदार तेव्हाही सभागृहात असतीलच. त्यांना बाळ कोणाजवळ ठेवले हे कोणी विचारले नाही.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी
मूल असले तरी विचारतात आणि नसले तरी. ऑस्ट्रेलियाच्या ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान होण्याच्या काही वर्षे आधी त्यांचा स्वयंपाकघरातील एक फोटो छापून आला. त्यात फळांचे भांडे रिकामे होते. त्या रिकाम्या भांड्यावरून त्यांच्या संसाराची, निपुत्रिक असण्याची चर्चा झाली. न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्न २०१७ मध्ये पक्षाच्या नेत्या झाल्या, त्यानंतर काही तासांतच दूरचित्रवाणीवर त्यांना मुलांचा काय विचार आहे असे विचारले गेले. म्हणजे हा फक्त आपल्या गावाचा दोष नाही. पण म्हणून तो आपल्याला सोडून देता येत नाही. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, आणि १९६० पासून महाराष्ट्राला एकही स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही.

निवृत्त ग्रामसेवक
सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२४ मधील एक निर्णय येथे नोंदवून ठेवतो. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरील घरात राहत असल्याच्या आरोपावरून अपात्र ठरवले होते. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि एक स्त्री सरपंच झाली ही गोष्टच गावकऱ्यांना पचली नाही, अशा आशयाचे स्पष्ट निरीक्षण नोंदवले. माझ्या नोकरीच्या काळात असे अर्ज मी टपालात घेतले आहेत. अर्जात अतिक्रमण लिहिलेले असे, शौचालय लिहिलेले असे, तिसरे अपत्य लिहिलेले असे. अर्ज देणाऱ्याच्या तोंडून मात्र काही वेगळेच ऐकू येई : "आता हिच्यापुढं हात जोडायचे का आम्ही?"

सिन्नरकर
काल रात्री मी एक गोष्ट केली आणि ती येथे सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात मागच्या निवडणुकीच्या वेळी उमेदवारांवर बरीच चर्चा झाली होती. ते सगळे संदेश मी वर सरकवत जाऊन पुन्हा वाचले. पुरुष उमेदवारांविषयी लोकांनी लिहिले होते : पैसा किती, गुन्हे किती, मागच्या वेळी रस्ता केला की नाही, फोन उचलतो की नाही. बाई उमेदवारांविषयी लिहिले होते : घराणे चांगले, बोलायला गोड, फार मेकअप करतात, मुले लहान आहेत तर वेळ कसा देणार. त्या वकील आहेत, हे संपूर्ण चर्चेत एकाच बाईंनी लिहिले होते आणि त्यावर कोणी उत्तर दिले नव्हते.

त्यातच माझा स्वतःचा एक संदेश सापडला. मी लिहिले होते, "यांचे मिस्टर चांगला माणूस आहे, मत द्यायला हरकत नाही." मी ते भल्यासाठी लिहिले होते, आणि मतही त्यांनाच दिले होते. काम पाहावे असे मी या धाग्यावर ज्यांना सांगत होतो, त्यांच्यापुढे हे वाक्य ठेवतो. मी त्यांचे काम पाहिलेच नव्हते. त्यांच्या नवऱ्याचा स्वभाव पाहिला होता.

माजी नगरसेविका
हे लिहिण्यासाठी धैर्य लागते, दादा. आता त्या बाई निवडून आल्या असतील तर त्यांच्याकडे कामाचा हिशेब मागा. कडकपणे मागा, हयगय करू नका. आम्हाला सवलत नको होती. पाच वर्षांत माझ्या कामाविषयी मला कोणी एकही अवघड प्रश्न विचारला नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

गोदाकाठ
हे वाचून मी थांबलेच. त्या ग्रामसभेत सरपंचबाईंनी "प्रश्न विचारा" असे दोनदा म्हटले होते, आणि त्या दोन गृहस्थांप्रमाणे मीही गप्प बसले होते. जमाखर्च ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न आला होता, तो मी कोणाला सांगितला नाही आणि घरी येऊन त्यांच्या बाजूने हा धागा मात्र काढला.

२ ऑक्टोबरला पुन्हा ग्रामसभा आहे. आमच्या मुख्याध्यापकांना मी येणार असल्याचे कळवले आहे. वीजबिलाची जी थकबाकी उरली आहे ती किती हप्त्यांत फेडणार आहेत, आणि खालच्या गल्लीतील पाणीपट्टी दोन वर्षे वसूल का झालेली नाही, हे मी त्यांना उभी राहून विचारणार आहे.